वाघांची मोजदाद आणि चुकीचा हिशेब

२००१-०२ च्या मोजणीनुसार भारतात ३,६४२ वाघ होते. त्यानंतरचा आकडा २००८ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला, तो १,४११. अनेकांनी सरळ वजाबाकी केली आणि पाच-सहा वर्षांत देशातले निम्म्याहून अधिक वाघ नाहीसे झाले, असा निष्कर्ष काढला. वाघ त्या काळात मारले जात होते, काही जंगलांतून तर ते पार संपले होते, हे खरेच. पण ही वजाबाकी मात्र खोटी होती, कारण दोन्ही आकडे एका मापाचे नव्हते. पहिला पायांच्या ठशांवरून काढलेला होता आणि तो किती चुकू शकतो हे कोणीच सांगितले नव्हते. दुसऱ्यासोबत एक पट्टा दिला होता: कमीत कमी १,१६५, जास्तीत जास्त १,६५७. वाघ मोजण्याच्या आपल्याकडच्या इतिहासातले खरे वळण या पट्ट्यात आहे. ठशांच्या जागी कॅमेरा आला हा बदल सहज दिसतो आणि म्हणून त्याचेच कौतुक होते. मोजणाऱ्याने आपली चूक किती असू शकेल हे आकड्याबरोबर सांगायला सुरुवात केली, हा बदल त्याहून मोठा आहे. तो इतक्या उशिरा का झाला, हे समजून घ्यायचे तर यंत्रांच्या इतिहासापेक्षा मोजणाऱ्याच्या परिस्थितीचा इतिहास पाहावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात चाळीस हजार वाघ होते, हे वाक्य आजही अनेक लेखांत भेटते. तो आकडा निसर्गअभ्यासक ई. पी. गी यांच्या अंदाजाचा. १९६० च्या दशकात सुमारे चार हजार वाघ उरले असावेत, असेही त्यांनीच म्हटले होते. गी जाणते होते आणि आपण अंदाज सांगतो आहोत याची त्यांना कल्पना होती. पुढे मात्र अंदाज हा शब्द गळून गेला आणि आकडा तेवढा उरला. पद्धतशीर मोजणीचा पहिला ज्ञात प्रयत्न १९३४ मध्ये पलामूच्या जंगलात जे. डब्ल्यू. निकल्सन या वनाधिकाऱ्याने पावलांच्या ठशांवरून केला. त्या धाग्याला शास्त्राचे रूप द्यायचा प्रयत्न १९६० च्या दशकात ओडिशाच्या सरोज राज चौधरी यांनी केला. पुढे सिमलीपाल व्याघ्र प्रकल्पाचे पहिले क्षेत्र संचालक झाले ते हेच चौधरी.

त्यांची पद्धत साधी होती आणि म्हणूनच ती देशभर पसरली. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवसांत सगळे वनरक्षक एकाच वेळी आपापल्या बीटात फिरत. पायवाटा, नाल्यांची वाळू, पाणवठ्यांचे काठ पाहून वाघाचा ठसा सापडला की त्यावर काच धरून त्याची बाह्यरेषा उतरवली जाई आणि ती मग कागदावर घेतली जाई. भर मागच्या डाव्या पायाच्या ठशावर असे. काही ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचेही केले जात. ठसा कुठे मिळाला, जमीन कशी होती, लांबी-रुंदी किती, या नोंदींसह सगळे कागद वरिष्ठांकडे जात. तिथे अनुभवी अधिकारी ठसे शेजारी शेजारी ठेवून एकाच वाघाचे ठसे वेगळे काढत आणि अखेर एकूण आकडा जाहीर होई. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी मोजणीत तो १,८२७ आला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत महाराष्ट्रातून मेळघाटचा समावेश झाला. त्यानंतर आकडे चढत गेले: १९७९ मध्ये तीन हजारांवर, १९८४ मध्ये चार हजारांवर आणि १९८९ मध्ये ४,३३४.

या पद्धतीचा पाया दोन गृहीतकांवर उभा होता. एक, प्रत्येक वाघाचा ठसा इतरांपेक्षा वेगळा असतो आणि जाणत्या माणसाला तो नजरेने ओळखता येतो. दोन, जंगलातल्या प्रत्येक वाघाचा निदान एक तरी ठसा मोजणीच्या दिवसांत सापडतो. पहिले गृहीतक वन्यजीव-अभ्यासक के. उल्हास कारंत यांनी १९८० च्या दशकात तपासून पाहिले. प्राणिसंग्रहालयातल्या चार वाघांचे अनेक ठसे त्यांनी अनुभवी अधिकाऱ्यांपुढे ठेवले आणि हे किती वाघ, असे विचारले. चार हे उत्तर कोणालाच देता आले नाही. एकाच पायाचा ठसा मऊ धुळीत पसरतो, कडक चिखलात आखडतो, वाघ धावत असेल तर आणखी बदलतो आणि काचेवर रेषा ओढणाऱ्याचा हातही त्यात मिसळतो. दुसरे गृहीतक तर तपासायचीही गरज नव्हती. खडकाळ डोंगरात, पानगळीने झाकलेल्या जमिनीवर ठसे उमटतच नाहीत. म्हणजे काही वाघ दोनदा-तीनदा मोजले जात असणार आणि काही मुळीच नाही. या दोन चुका एकमेकींना छेदून बरोबर उत्तर देतील, अशी आशा करण्याला काही आधार नव्हता. त्याहून गंभीर दोष असा की गोळा केलेल्या कागदांत ही चूक किती, हे शोधण्याची वाटच नव्हती. दुसऱ्या कोणाला तेच कागद दिले तर दुसरा आकडा येई आणि दोघांपैकी कोणाचा बरोबर हे ठरवता येत नसे.

यावर असे म्हटले जाते की त्या काळी दुसरा मार्गच कुठे होता? इतिहास वेगळे सांगतो. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, हे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी तारेला पाय लागताच आपोआप निघणाऱ्या छायाचित्रांतून दाखवून दिले होते. त्यांचे छायाचित्रांचे पुस्तक १९२७ चे आहे. १९६० च्या दशकात कान्हात काम करणारे जॉर्ज शॅलर वाघांना त्यांच्या चेहऱ्यावरच्या खुणांवरून ओळखत होते. न दिसलेल्यांची संख्या दिसलेल्यांवरून काढण्याचे गणितही जुनेच. फ्रान्सची लोकसंख्या काही निवडक गावांतल्या जन्मनोंदींच्या प्रमाणावरून लाप्लासने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढली होती आणि आपला अंदाज किती चुकू शकेल याचेही गणित मांडले होते. डेन्मार्कचे पीटरसन यांनी १८९६ मध्ये खुणा केलेल्या माशांच्या अभ्यासातून आणि अमेरिकेत फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये कडी घातलेल्या बदकांवरून हेच तत्त्व वन्यजीवांना लावले. आणि भारतात? कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये जन्म-मृत्यूंच्या सरकारी नोंदी आणि घरोघर फिरून केलेली यादी अशा दोन याद्या ताडून, दोन्हींतून निसटलेल्या घटनांचा अंदाज कसा करायचा, हे सी. चंद्रशेखर आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्येच प्रसिद्ध केले होते. म्हणजे पट्ट्यांची ओळख, आपोआप चालणारा कॅमेरा आणि गणित या तिन्ही गोष्टी १९७२ पूर्वी हाताशी होत्या. त्यांतल्या दोन तर याच देशात घडल्या होत्या.

मग त्या जंगलात का पोचल्या नाहीत? याचे उत्तर शेतीच्या इतिहासात सापडते आणि मराठी वाचकाला ते ओळखीचे आहे. पिकाचा अंदाज आपल्याकडे शतकभर आणेवारीने होत आला. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आणि गावकामगार नजरेने पाहून सांगे की यंदा आठ आणे किंवा सहा आणे. या आकड्यावर सारामाफी आणि तहकुबी अवलंबून असल्यामुळे तो तटस्थ राहणे शक्यच नव्हते. आजही पैसेवारी पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावोगावी वाद होतात ते त्यामुळेच. १९४० च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेमार्फत यावर तोड काढली. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे शेते निवडायची, प्रत्येकात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे आणि त्यावरून उत्पादनही सांगायचे आणि त्या अंदाजातली संभाव्य चूकही. व्ही. जी. पानसे आणि सुखात्मे यांचे शेती-संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ पासून देशभरच्या कृषी महाविद्यालयांत वापरले जाऊ लागले. कुठला तुकडा कापायचा हे माणसाच्या मर्जीवर सोडायचे नाही, ही या पद्धतीची गुरुकिल्ली होती. ज्याच्या कामाचे मोल त्या आकड्याने ठरते, त्याच्या हातातून निवड काढून घेतल्याशिवाय आकडा विश्वासाचा होत नाही, एवढे शहाणपण शेतीच्या खात्याला स्वातंत्र्याच्या आगेमागेच आले होते.

वन खात्यात नेमकी उलट रचना होती. वाघ मोजायचे कोणी, तर ज्याच्यावर ते राखण्याची जबाबदारी त्याने. वाघ वाढले तर प्रकल्प यशस्वी, घटले तर अधिकाऱ्याला जाब. अशा व्यवस्थेत कोणी जाणूनबुजून खोटे लिहिले असे मानण्याची गरज नाही. शेकडो ठशांतून हा वेगळा की तोच, असा निर्णय करताना शंका येणारच, आणि त्या शंकेचा फायदा दर वेळी एकाच बाजूला गेला तरी आकडा फुगतो. खाली आलेला आकडा समजावून सांगावा लागे, वर गेलेल्याला कोणी प्रश्न विचारत नसे. शिवाय एकच निश्चित आकडा ही प्रशासनाची आणि संसदेतल्या उत्तरांची गरज होती. १,५०० ते २,२०० वाघ असतील असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला काम येत नाही असे समजले गेले असते, तर १,८२७ म्हणणारा काटेकोर ठरला. इतक्या मोठ्या देशात एककापर्यंत सांगितलेला आकडा ही अचूकतेची खूण नसून शंकेचे कारण आहे, हे संख्याशास्त्र शिकलेल्याला कळते. पण मोजणीच्या फळीत संख्याशास्त्रज्ञाला जागाच नव्हती.

ठशांच्या बाजूने जे बोलले जाते, त्यातले दोन मुद्दे वजनदार आहेत. पहिला खर्चाचा. १९७२ मध्ये हजारो कॅमेरे आणि फिल्म घेणे देशाला परवडणारे नव्हते, उलट काच, कागद आणि वनरक्षकाचे पाय उपलब्ध होते. त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी सगळे जंगल पायाखाली येई आणि १,८२७ या आकड्याच्या धक्क्याने वाघ वाचवण्याचे राजकीय बळही उभे राहिले. हे सगळे मान्य करावे लागेल. पण गरिबी हे नमुना पाहणीच्या बाजूचे कारण आहे. सगळे मोजण्याची ऐपत नसते तेव्हाच थोडे, पण नीट मोजावे लागते. सुखात्म्यांनी देशातली सगळी शेते कापली नव्हती. मोजक्या जंगलांत कॅमेरे लावून तिथल्या ठशांची पडताळणी १९८० च्या दशकात करता आली असती. दुसरा मुद्दा माग काढणाऱ्यांच्या कौशल्याचा. मेळघाटातला कोरकू किंवा ताडोबातला गोंड वाटाड्या आपल्या भागातला वाघ पावलावरून ओळखतो, हे खोटे नाही. पण ती ओळख त्या भागापुरती, रोजच्या सहवासातून आलेली असते. त्याच्या काचेवरची रेषा शंभर कोसांवरच्या कचेरीत गेली की ते ज्ञान मागे राहते आणि कागद तेवढा पुढे जातो. विशेष म्हणजे संदीप शर्मा, यादवेंद्रदेव झाला आणि विश्वास सावरकर यांनी २००५ मध्ये दाखवले की ठशांची काटेकोर मापे घेऊन त्यांना संख्याशास्त्रीय कसोटी लावली, तर थोड्या वाघांपुरती ओळख पटवता येते. याचा अर्थ दोष ठशात नव्हता. ठशावरचा निर्णय नजरेवर सोपवून त्याची चूक न मोजण्यात होता.

या न मोजलेल्या चुकीची किंमत सरिस्कामध्ये चुकवावी लागली. राजस्थानातल्या या व्याघ्र प्रकल्पात २००४ च्या मोजणीने सोळा ते अठरा वाघ दाखवले होते. २००५ च्या जानेवारीत वर्तमानपत्रातून बातमी आली की तिथे वाघच दिसत नाहीत, आणि लवकरच ती खरी ठरली. प्रकल्पात एकही वाघ उरला नव्हता. शिकारी टोळ्यांनी ते संपवले आणि कागदावरच्या वाघांनी ती शिकार झाकली. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले गेले आणि त्याच्या अहवालाने ठशांच्या मोजणीवर विसंबणे थांबवावे, असे स्पष्ट केले. मध्य प्रदेशातल्या पन्नामध्ये तर रेडिओ कॉलरच्या आधारे अभ्यास करणारे रघु चुंडावत आधीपासून इशारा देत होते, तरी अधिकृत आकडे दिलासा देत राहिले आणि २००९ मध्ये पन्नाही रिकामे असल्याचे मान्य करावे लागले. मोजणीतली चूक हा अभ्यासकांच्या आपसातल्या वादाचा विषय आहे, असे म्हणणाऱ्यांना ही दोन नावे पुरेशी आहेत. चढत्या आकड्याने गस्त ढिली पडते आणि निसटलेली वर्षे परत मिळत नाहीत.

नवी वाट कर्नाटकातल्या नागरहोळेत तयार झाली होती. कारंत यांनी तिथे कॅमेरा ट्रॅप लावून १९९५ मध्ये आणि अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जेम्स निकल्स यांच्यासह १९९८ मध्ये वाघांच्या घनतेचे अंदाज प्रसिद्ध केले. त्यामागचे गणित एका छोट्या उदाहरणाने कळते. पहिल्या फेरीत वीस वेगवेगळ्या वाघांची छायाचित्रे मिळाली. दुसऱ्या फेरीत पंधरा वाघ आले, त्यांपैकी दहा आधीच ओळखलेले होते. म्हणजे पहिल्या वीसांपैकी निम्मेच दुसऱ्या फेरीत सापडले. तर दुसऱ्या फेरीत एकूण वाघांपैकीही निम्मेच सापडले असावेत, म्हणून जंगलात सुमारे तीस वाघ. प्रत्यक्ष दिसलेले पंचवीस, कधीच न दिसलेले पाच. प्रत्यक्षात गणित इतके सरळ राहत नाही. काही वाघ कॅमेऱ्यासमोर वारंवार येतात, काही टाळतात. काळ लांबला तर जन्म, मृत्यू आणि स्थलांतर आड येतात, म्हणून पाहणी मोजक्या आठवड्यांत उरकावी लागते. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लागतात. यातली प्रत्येक अडचण गणितात मांडता येते आणि तिच्यामुळे अंदाज किती सैल होतो हेही सांगता येते. वाघ दिसण्याची शक्यता किती, हा प्रश्न ठशांच्या मोजणीने कधी विचारलाच नव्हता. तोच इथे केंद्रस्थानी आला.

२००६ पासून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था दर चार वर्षांनी या धर्तीवर देशव्यापी अंदाज करतात: २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६, २०१८ मध्ये २,९६७ आणि २०२२ मध्ये ३,६८२. यावरही टीका झाली आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. काही जंगलांत कॅमेरे लावायचे, बाकीच्या ठिकाणी वनरक्षकांनी नोंदवलेल्या खुणा आणि कॅमेऱ्याचे अंदाज यांचे नाते जोडून उरलेल्या प्रदेशाचा आकडा काढायचा, या टप्प्यावर अर्जुन गोपालस्वामी, कारंत आदींनी २०१५ मध्ये गंभीर आक्षेप घेतले. ते नाते वाटते तितके पक्के नसते, असे त्यांचे म्हणणे होते आणि सर्वेक्षण करणाऱ्यांनी त्याचा प्रतिवाद केला. पाहणीचा विस्तार दर फेरीला बदलतो, हीही अडचण आहे. २००६ च्या, म्हणजे २००८ मध्ये जाहीर झालेल्या १,४११ या आकड्यात सुंदरबन नव्हते, २०१० मध्ये त्याचे ७० वाघ धरले गेले. तेवढे वगळले तर वाढ बरीच कमी दिसते. शिवाय २०१० च्या सेंट पीटर्सबर्ग परिषदेत २०२२ पर्यंत वाघ दुप्पट करण्याचे वचन दिले गेले होते. म्हणजे आकडा वर जावा ही ओढ संपलेली नाही आणि पाहणी करणारी यंत्रणाही सरकारीच आहे. मग जुन्या-नव्यात फरक काय? फरक हा की हे आक्षेप घेता आले. पद्धत कागदावर मांडलेली असल्यामुळे टीकाकारांना तिची नेमकी दुबळी कडी दाखवता आली. २०१८ मध्ये कॅमेऱ्यांत प्रत्यक्ष ओळखलेले प्रौढ वाघ २,४६१ होते, म्हणजे एकूण अंदाजापैकी सुमारे ८३ टक्के. गणितावर ज्याचा भरवसा नाही, त्यालाही या तळाच्या आकड्याखाली जाता येत नाही. ठशांच्या काळात असा तळच नव्हता.

महाराष्ट्राचे अंदाज २००६ मधल्या १०३ वरून २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वर गेले आहेत. पाहणी विस्तारली हे लक्षात घेऊनही ही वाढ खरी आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची आपल्याकडची जुनी रीतही आता निसर्गानुभव म्हणून चालते, आणि ते योग्य आहे. एकाच रात्री एका पाणवठ्यावर आलेले प्राणी म्हणजे जंगलातले प्राणी नव्हेत. त्या रात्रीने माणसे जंगलाशी जोडली जातात, एवढे तिचे मोल पुरेसे आहे. पण जिथे आकड्यावर निधी, पुनर्वसन आणि शिकारविरोधी गस्त ठरते, तिथे दोन गोष्टींचा आग्रह सोडता येणार नाही. मोजणारा आणि ज्याचे यश मोजले जाते तो, हे दोघे वेगळे असावेत. आणि पाहणीची मूळ माहिती, शिकाऱ्यांना वाघांचा ठावठिकाणा कळणार नाही एवढी काळजी घेऊन, स्वतंत्र अभ्यासकांना तपासायला मिळावी. पुढचा आकडा जाहीर होईल तेव्हा वाचकाने तो मागच्यातून वजा करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: खालची आणि वरची मर्यादा काय, पाहणी किती प्रदेशात झाली आणि प्रत्यक्ष ओळखलेले वाघ किती. ज्या आकड्याला ही तीन उत्तरे देता येत नाहीत, त्यावर आनंद किंवा शोक, दोन्ही करू नये.